रिकाम्या ब्राउझरचा वेग

ब्राउझर एका दिवसात मंद होत नाही. आधी टॅब बदलताना क्षणभर पांढरा पडदा दिसू लागतो, मग टंकलेले अक्षर बोटांच्या मागे रेंगाळत उमटते, पान खाली सरकवताना मजकूर धक्के घेत वर येतो, आणि पुढे पुढे संगणकाचा पंखा असा घोंघावू लागतो की आपण कोणते अवजड काम काढले आहे, असा प्रश्न पडावा. प्रत्यक्षात समोर एखादी बातमी, ईमेलची खिडकी आणि अर्धवट वाचून ठेवलेली काही पाने एवढेच असते.

अशा वेळी सल्ला बहुधा एकच मिळतो: हा ब्राउझर टाका, तो घ्या. सल्ला देणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. नवा ब्राउझर चटकन उघडतो, पाने झरझर येतात, आणि जुन्यात आपण इतके दिवस उगाच हाल सोसले असे वाटू लागते. मात्र त्या घडीला आपण ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहत असतो, त्या मुळात तुलना करण्याजोग्या नसतात. एकीकडे वर्षानुवर्षांचा इतिहास, हौसेने बसवलेली एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम), कधीच बंद न केलेले टॅब आणि प्रत्येक संकेतस्थळाने आपापला ठेवलेला साठा अंगावर घेऊन चालणारा ब्राउझर असतो. दुसरीकडे नुकताच बसवलेला, ज्यात अजून काहीच नाही असा. पहिल्या दिवशी जाणवणाऱ्या वेगातला मोठा भाग या रिकामपणाचा असतो, असे माझे मत आहे, आणि ज्या ब्राउझरमध्ये मी कैक वर्षे काम केले तो सोडून दुसऱ्याकडे गेल्यानंतरही ते बदललेले नाही. ब्राउझर बदलायला चांगली कारणे आहेत. पण ती शोधायची तर संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, नेमकी जाते कुठे, हे आधी पाहावे लागते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा पान म्हणजे मजकूर आणि दुवे. आज आपण ज्याला पान म्हणतो तो बहुतेक वेळा एक चालता प्रोग्राम असतो. पान हाती येताच ब्राउझर त्यातल्या प्रत्येक परिच्छेदाची, बटणाची, चित्राची नोंद असलेला एक वृक्ष मेमरीत उभा करतो. त्या वृक्षाच्या प्रत्येक फांदीला कोणता रंग, कोणता आकार, कोणती जागा हे ठरवणारे नियम लावतो. पानाला चालते करणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतला मजकूर वाचून त्याचे यंत्राला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करतो, आणि तो प्रोग्राम जे जे निर्माण करील त्याला जागा देतो. एचटीटीपी अर्काइव्ह हा प्रकल्प लाखो संकेतस्थळांची नियमित मोजदाद करतो. त्यानुसार २०१०च्या सुमारास मध्यम वजनाचे पान अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास होते. आता ते दोन मेगाबाइटच्या पुढे गेले आहे. हे वजनही केवळ तारेवरून येणाऱ्या, दाबून लहान केलेल्या फायलींचे. मेमरीत उलगडल्यावर त्यांचा पसारा कितीतरी मोठा होतो.

चित्रांचे उदाहरण घेतले तर हा फरक चांगला ध्यानात येतो. चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचे छायाचित्र डिस्कवर तीन-चार मेगाबाइटची फाईल म्हणून राहते. पडद्यावर दाखवण्यासाठी ते पूर्ण आकारात उलगडले, की प्रत्येक पिक्सेलला रंगांचे तीन आणि पारदर्शकतेचा एक असे चार बाइट लागतात, आणि एक कोटी वीस लाख पिक्सेलांचे ४८ मेगाबाइट होतात. छायाचित्र पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढे दाखवायचे असले, तरी पान रचणाऱ्याने लहान प्रत तयार करण्याची तसदी घेतली नसेल तर उतरून घ्यायची असते ती मूळचीच फाईल. आता ज्या पानांना शेवट नसतो, सरकवत जाल तसतसे नवे काही खाली जोडत जातात, त्यांचा विचार करावा. वर गेलेला मजकूर नजरेआड होतो. मेमरीतून तो जातोच असे नाही. असे एखादे पान सकाळपासून उघडे राहिले, तर संध्याकाळी ब्राउझर किती मेमरी खातो हा आकडा ब्राउझरबद्दल फार थोडे सांगतो.

त्या आकड्याबद्दलही एक गैरसमज सर्रास आढळतो. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरच्या पुढे दोन-तीन गिगाबाइट लिहिलेले पाहिले की माणूस घाबरतो, आणि ज्या ब्राउझरच्या पुढचा आकडा लहान तो चांगला असे ठरवून मोकळा होतो. वस्तुतः मेमरी मोकळी ठेवण्यात काही पुण्य नाही. फायरफॉक्सच्या दीड या आवृत्तीत, २००५ साली, मागच्या पानावर जाण्याचे बटण दाबताच ते पान तत्काळ समोर यावे म्हणून आधीची काही पाने उलगडलेल्या अवस्थेतच मेमरीत राखून ठेवण्याची सोय आली. त्यामुळे मेमरीचा वापर वाढला आणि तक्रारीही वाढल्या. पण ती गळती, म्हणजे काम संपूनही अडकून राहिलेली मेमरी, नव्हती, वेगाच्या बदल्यात जाणूनबुजून केलेला खर्च होता, आणि आज सर्वच प्रमुख ब्राउझर तो करतात. भरपूर रॅम असलेल्या संगणकावर ब्राउझरने ती वापरावी यात गैर काहीच नाही.

खरी अडचण सुरू होते ती रॅम संपत आल्यावर. विंडोजसारखी कार्यप्रणाली मग रॅममधला सध्या न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि तो लागला की परत आणते. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढा वेळ लागतो, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला ती शोधायला सेकंदाचा शंभरावा भाग लागू शकतो, म्हणजे जवळजवळ एक लाखपट. नव्या प्रकारच्या, तबकडी नसलेल्या डिस्कवर हे अंतर बरेच घटले, तरी हजारपटीच्या घरात राहतेच. हल्लीच्या कार्यप्रणाली डिस्ककडे धाव घेण्याआधी रॅममधलाच मजकूर दाबून लहान करून पाहतात, पण त्यासाठी प्रोसेसरला राबावे लागते. मंदपणा एकदम कोसळल्यासारखा का येतो, याचे उत्तर इथे आहे. रॅम पुरत असते तोवर पंचवीस टॅब आणि पस्तीस टॅब यांत काही फरक जाणवत नाही. ती सीमा ओलांडली की पुढच्या एकाच टॅबने सगळा संगणक अडखळू लागतो, आणि दोष मात्र त्या शेवटच्या टॅबला किंवा ब्राउझरच्या ताज्या आवृत्तीला दिला जातो.

गळती ही निराळी गोष्ट, आणि तिचा इतिहास मला या साऱ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. जावास्क्रिप्ट लिहिणारा मेमरी मागतो, पण परत करत नाही. ते काम ब्राउझरमधल्या गार्बेज कलेक्टरचे. तो मधूनमधून फेरी मारतो, चालू प्रोग्रामला जिथवर पोचता येते त्या सर्व वस्तूंवर खूण करतो, आणि ज्यांच्यावर खूण नाही त्यांची जागा मोकळी करतो. हा नियम साधा आहे आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे: जिथे पोचता येते ती वस्तू कामाची असेलच असे नाही. पानावरून एखादी चौकट काढून टाकली, पण तिच्यावरच्या क्लिकची वाट पाहणारी सूचना दुसरीकडे कुठेतरी जिवंत राहिली, किंवा दर सेकंदाला चालणारे घड्याळ कोणी थांबवलेच नाही, तर ती चौकट आणि तिला जोडलेले सगळे अदृश्य होऊनही मेमरीत ठाण मांडून बसते. पान बंद केले की ही गळती सहसा थांबते. ज्या काळात लोक पान वाचून पुढे जात, त्या काळात तिने कोणाचे फारसे बिघडवले नाही. दिवसदिवस एकच पान उघडे ठेवून त्यात ईमेल, हिशेब आणि बैठका चालवण्याची रीत पडली, तसा तिचा जाच वाढला.

पान बंद करूनही न थांबणारी गळती अधिक वाईट. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या सहाव्या आवृत्तीत पानाचे घटक एका व्यवस्थेच्या ताब्यात असत आणि जावास्क्रिप्टच्या वस्तू दुसऱ्या. पहिलीची पद्धत प्रत्येक वस्तूला कितीजण धरून आहेत हे मोजण्याची. घटकाने जावास्क्रिप्टची वस्तू धरली आणि त्या वस्तूने उलट घटकाला धरले, की दोन्ही व्यवस्थांना वाटे, समोरच्याला अजून गरज आहे. अशी जोडी ब्राउझर बंद होईपर्यंत सुटत नसे. त्या काळी संकेतस्थळे बांधणाऱ्यांना ही गाठ आपल्या हातांनी सोडवणाऱ्या ओळी प्रत्येक पानात लिहाव्या लागत.

गळतीसारखाच दिसणारा आणखी एक आजार आहे. नाट्यगृहात शंभर खुर्च्या रिकाम्या असाव्यात, पण त्या एकेक-दोनदोन अशा विखुरलेल्या, आणि सहाजणांच्या कुटुंबाला शेजारीशेजारी बसता येऊ नये, तशी मेमरीची अवस्था होते. ब्राउझर एका पानासाठी हजारो लहानमोठे तुकडे घेतो आणि परत करतो. परत आलेल्या तुकड्यांच्या मध्ये एखादाच दीर्घायुषी तुकडा अडून बसतो, आणि मोकळी असूनही ती जागा कार्यप्रणालीला परत देता येत नाही. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीवर मेमरीवरून जी टीका झाली तिच्या मुळाशी गळत्या होत्याच, पण हे विखुरणेही होते. जून २००८मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत जे-इमॅलॉक हा मेमरी वाटून देणारा नवा घटक घेतला गेला आणि परस्परांना धरून बसलेल्या वस्तूंच्या साखळ्या शोधून तोडणारा स्वतंत्र कलेक्टरही आला. सुधारणा ठळक होती. लौकिक मात्र सुधारणेच्या वेगाने बदलत नाही, आणि फायरफॉक्स मेमरी खातो हे वाक्य त्यानंतर कितीतरी वर्षे लोकांच्या तोंडी राहिले.

२०११ साली निकोलस नेदरकोट यांच्या पुढाकाराने फायरफॉक्समध्ये मेमश्रिंक नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याचे मला विशेष वाटते ते अशासाठी, की त्याने पहिले लक्ष दिले ते मोजण्यावर. कोणत्या कप्प्यात किती मेमरी आहे हे नोंदणारी ब्राउझरच्या आतली यंत्रणा पुष्कळ वाढवली, आणि पत्त्याच्या पट्टीत अबाउट:मेमरी असे टंकले की कोणालाही तो हिशेब तपशीलवार वाचता येईल अशी व्यवस्था केली. त्या मोजदादीतून लवकरच दिसून आले की उरलेल्या गळत्यांपैकी पुष्कळशा ब्राउझरच्या नसून एक्स्टेन्शनच्या आहेत. एक्स्टेन्शन बंद झालेल्या पानाचा एखादा धागा धरून ठेवी, आणि त्या धाग्याला बांधलेले अख्खे पान मेमरीत अडकून राही. हजारो एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांना सुधारत बसणे शक्य नव्हते. म्हणून ऑगस्ट २०१२च्या पंधराव्या आवृत्तीत असा बदल केला गेला की पान बंद होताच एक्स्टेन्शनच्या हातातला धागा ब्राउझरने स्वतःच तोडावा. एका बदलाने एक्स्टेन्शनच्या बहुतेक गळत्या बुजल्या. दोष कोणाचा हे सिद्ध करून थांबणे त्यांना सहज शक्य होते, पण वापरणाऱ्याला त्या न्यायनिवाड्याचा काही उपयोग नसतो. इतरांच्या चुका आपल्या अंगाला लागणार हे गृहीत धरून केलेले हे काम मला अभियांत्रिकीतल्या उत्तम कामांपैकी एक वाटते.

एक्स्टेन्शनची गोष्ट तिथे संपली नाही. २०१४ साली नेदरकोट यांनीच एका लोकप्रिय जाहिरात-रोधकाचा हिशेब मांडला होता: जाहिराती लपवण्यासाठी तो हजारो नियमांची यादी प्रत्येक पानाला आणि पानातल्या प्रत्येक आतल्या चौकटीलाही वेगवेगळी जोडत असे, आणि दर चौकटीमागे सुमारे चार मेगाबाइट खर्ची पडत. जिथे आतल्या चौकटी शेकड्यांनी होत्या तिथे एका टॅबचा खर्च गिगाबाइटच्या पुढे जाई. पुढच्या वर्षी फायरफॉक्सच्या एक्केचाळिसाव्या आवृत्तीने ती यादी सर्व चौकटींत सामाईक वापरण्याची सोय केली. जाहिरात-रोधक नको, असा याचा अर्थ मी घेत नाही; जाहिरातींचे आणि पाळत ठेवणारे प्रोग्राम अडवले तर बऱ्याच पानांचे ओझे खूप हलके होते, आणि मी स्वतः असे एक एक्स्टेन्शन आवर्जून ठेवतो. पण जे एक्स्टेन्शन प्रत्येक पानात शिरते त्याचा खर्च टॅबच्या संख्येने गुणला जातो, हे विसरून चालत नाही. शब्दकोश, किंमतींची तुलना, पडद्याचा रंग गडद करणे, अशा किरकोळ सोयींसाठी बसवलेली आणि नंतर विस्मरणात गेलेली एक्स्टेन्शन शांतपणे हेच करत असतात.

२ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने क्रोम आणला, तेव्हा या प्रश्नाकडे दुसऱ्याच बाजूने पाहिले गेले. टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत, म्हणजे कार्यप्रणाली एकमेकांपासून अलग ठेवते अशा स्वतंत्र चालत्या प्रोग्रामांत, चालवायचे. टॅब बंद झाला की त्याची प्रक्रिया संपते, आणि प्रक्रिया संपली की तिची सगळी मेमरी, गळलेली असो वा विखुरलेली, कार्यप्रणाली एकगठ्ठा परत घेते. एक पान कोलमडले तर बाकीची शाबूत राहतात, हा लाभ वेगळाच. किंमत उघड होती: प्रत्येक प्रक्रियेला आपापला संसार मांडावा लागतो, काही गोष्टी पुनःपुन्हा मेमरीत येतात, आणि म्हणून एकूण आकडा फुगतो. क्रोम मेमरी खातो ही तक्रार याच रचनेतून उगवली. फायरफॉक्सने ती रचना पुष्कळ उशिरा, २०१६पासून टप्प्याटप्प्याने स्वीकारली आणि जून २०१७च्या चौपन्नाव्या आवृत्तीत प्रक्रियांची संख्या आवरती ठेवून मध्यम मार्ग काढला.

तेवढ्यात जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरांमधली उणीव जगासमोर आली. एकाच प्रक्रियेत राहणारा एक प्रोग्राम दुसऱ्याची मेमरी आडमार्गाने वाचू शकतो, हे तिने दाखवून दिले. म्हणजे एका टॅबातल्या खट्याळ पानाला त्याच प्रक्रियेत असलेल्या बँकेच्या पानातले काही हाती लागण्याची शक्यता निर्माण झाली. उत्तर एकच होते: प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रिया. क्रोमने त्याच वर्षी सदुसष्टाव्या आवृत्तीत ते लागू केले, आणि त्यासाठी मेमरीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढेल असे गूगलने उघड सांगितले. फायरफॉक्सने २०२१च्या अखेरीस तीच वाट धरली. आजच्या ब्राउझरने खाल्लेल्या मेमरीतला हा वाटा सुरक्षिततेचा आहे, आणि तो वाचवणारा ब्राउझर मला कोणी फुकट दिला तरी नको. मेमरीचा लहान आकडा हीच गुणवत्ता मानणाऱ्यांनी, तो आकडा काय सोडून देऊन मिळवला आहे, हे जरूर विचारावे.

म्हणूनच बदलण्याच्या आधी निदान हवे, आणि त्यासाठी बाहेरचे साधन लागत नाही. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी व प्रोसेसर घेते हे ओळीने दिसते. फायरफॉक्समध्ये अबाउट:प्रोसेसेस हे पान तेच सांगते. तिथे बहुतेकदा असे आढळते की गुन्हेगार एखाददुसराच आहे आणि बाकीचे टॅब निमूटपणे आपापल्या जागी आहेत. त्याहून निर्णायक कसोटी म्हणजे आहे त्याच ब्राउझरमध्ये नवे, कोरे प्रोफाइल, म्हणजे इतिहास, सेटिंग आणि एक्स्टेन्शन यांचा वेगळा संच, तयार करून त्यात नेहमीची पाने उघडणे. ती तिथे सुरळीत चालली तर मंदपणाचे मूळ आपल्या जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, आणि कोणताही नवा ब्राउझर तितकाच सुखद वाटला असता. माझ्या बाबतीत कोऱ्या प्रोफाइलने जुन्या ब्राउझरचा जवळजवळ सगळा वेग परत दिला. ज्या प्रश्नासाठी मी तो सोडायला निघालो होतो तो प्रश्न त्या तासाभरात मिटला, आणि तरीही मी ब्राउझर बदलला, याचे कारण पुढे येईल.

त्याआधी टॅबविषयी. टॅब उघडे ठेवण्याला लोक आळस म्हणतात, ते मला पटत नाही. उघडा टॅब ही एक अपुरी राहिलेली इच्छा असते: हे वाचायचे आहे, याला उत्तर द्यायचे आहे, हा विचार पुढे न्यायचा आहे. तोच मजकूर खूणपानात, म्हणजे बुकमार्कमध्ये, टाकला की त्याचा तगादा संपतो, आणि तगादा संपणे म्हणजे बहुधा विसरणेच असते, हे माणसाला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून तो बंद करत नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांनीही हा स्वभाव बदलण्याचा नाद सोडून त्याच्याशी जुळवून घेतले, हे बरे झाले. रॅम कमी पडू लागली की क्रोम २०१५पासून मागे पडलेल्या टॅबचा मजकूर मेमरीतून काढून केवळ त्याचे नाव पट्टीवर ठेवतो. डिसेंबर २०२२मध्ये गूगलने मेमरी सेव्हर जाहीर केला तेव्हा तीस टक्क्यांपर्यंत कमी मेमरी लागेल असे म्हटले. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये झोपी जाणारे टॅब आले, आणि २०२१च्या त्र्याण्णवाव्या आवृत्तीपासून विंडोजवरचा फायरफॉक्सही मेमरी संपत आल्यास फार काळ न पाहिलेले टॅब उतरवू लागला. त्या टॅबवर परत जाताच पान नव्याने आणले जाते. यात एक धोका आहे: पान नव्याने आले की त्यात लिहिलेला अर्धवट मजकूर जाऊ शकतो. ब्राउझर भरत असलेले अर्ज ओळखून वगळण्याचा प्रयत्न करतात, पण मोठे लिखाण मी पानातल्या चौकटीत न करता बाहेर करून मग तिथे आणतो. ज्या संकेतस्थळांची सतत गरज असते ती या यादीतून वगळण्याची सोय सेटिंगमध्ये असते, आणि ती वापरली तर ही सुविधा कमी रॅमच्या संगणकाला नवे आयुष्य देते.

आता पर्यायांकडे वळतो. बाजारात ब्राउझरांची नावे पुष्कळ. पण पान उलगडणारी इंजिने, ज्यांवर वेग आणि मेमरी मुख्यतः अवलंबून असते, ती प्रमुख अशी तीनच उरली आहेत: क्रोमचे ब्लिंक, अ‍ॅपलच्या सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. ऑपेराने २०१३ साली स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमियमचा, म्हणजे क्रोम ज्यावर बांधला आहे त्या मुक्त प्रकल्पाचा, आधार घेतला. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८मध्ये तसाच निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २०२०मध्ये क्रोमियमवर बांधलेला एज आणला. ब्रेव्ह आणि विवाल्डी पहिल्यापासून त्याच पायावर उभे आहेत. ब्लिंक हे स्वतः २०१३ साली वेबकिटमधून फुटून निघालेले, आणि वेबकिट हे केडीई या मुक्त प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनातून वाढलेले. गेको तेवढे या घराण्याबाहेरचे. त्याची मुळे नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या कंपनीने १९९८ साली आपल्या प्रोग्रामची संहिता जगाला खुली केली तिथवर जातात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की क्रोम मेमरी खातो म्हणून त्याच घराण्यातल्या दुसऱ्या ब्राउझरकडे गेलेल्या माणसाने प्रामुख्याने बाहेरची चौकट बदललेली असते. जाहिराती आधीच अडवल्या जातात, टॅब अधिक आक्रमकपणे झोपवले जातात, सोयी वेगळ्या असतात, आणि या गोष्टींचे मोल कमी नाही. पण एकच पान, एकही एक्स्टेन्शन नसताना, दोन्हींत उघडून पाहिले तर मेमरीत फार अंतर पडावे असे काही कारण उरत नाही.

मी ब्राउझर बदलला तो याच तीन नावांकडे पाहून. संकेतस्थळे बांधणारे ज्या इंजिनावर चाचणी घेतात त्यावर ती चांगली चालतात, म्हणून लोक ते इंजिन घेतात, आणि लोक ते घेतात म्हणून चाचणी त्यावरच होते. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीच्या काळात हे चक्र पूर्ण झाले होते, आणि २००१ ते २००६ अशी पाच वर्षे त्या ब्राउझरची नवी मुख्य आवृत्ती निघाली नाही, कारण काढण्याची कोणाला निकड नव्हती. वर सांगितलेल्या बहुतेक सुधारणा घडल्या त्या दुसरा कोणीतरी बरोबरीने धावत होता म्हणून. क्रोमच्या प्रक्रियांमुळे फायरफॉक्सला आपली रचना बदलावी लागली, आणि मेमरीच्या टीकेमुळे क्रोमला आपल्या जावास्क्रिप्ट इंजिनातले मेमरीतल्या जागांचे पत्ते दाबून लहान करण्यासारखी चिवट कामे हाती घ्यावी लागली. २०२०मधल्या त्या एका कामाने जावास्क्रिप्टच्या वस्तूंची जागा कमाल ४३ टक्क्यांपर्यंत घटली. माझ्या एका संगणकाने या तोलात काय फरक पडतो, हे मला कळते. तरी ज्या गोष्टीची काळजी वाटते तिच्या बाजूला आपले वजन टाकावे, एवढे मला पुरते, आणि म्हणून मी गेकोवर आलो.

स्थलांतर सोपे आहे, पण त्यात दोन जागी सांभाळावे लागते. खूणपाने एका साध्या फाईलमधून जातात, आणि त्या फाईलच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचे नाव असते; तो ब्राउझर संपून कितीतरी वर्षे झाली, पण त्याने ठरवलेला आराखडा सर्वांनी तसाच चालू ठेवला आहे. पासवर्ड मात्र ज्या फाईलमधून जातात तिच्यात ते कोणालाही वाचता येतील असे उघडे लिहिलेले असतात. दोन्ही ब्राउझर एकाच संगणकावर असतील तर नव्यातली आयात करण्याची सोय वापरावी. फाईल काढलीच तर काम होताच ती कचरापेटीतूनही पुसून टाकावी. एक्स्टेन्शन मात्र मी मुळीच आणली नाहीत. एखाद्याची उणीव खरोखर भासली तेव्हाच ते बसवले, आणि जुन्यातली निम्मीही परत आली नाहीत. कदाचित आजच्या वेगाचे श्रेय इंजिनापेक्षा याच गाळणीला अधिक द्यावे लागेल.

नवा ब्राउझर आता माझ्याइतकाच भरलेला आहे. टॅब पुन्हा साठले, इतिहास वाढला, आणि पहिल्या दिवसाची ती हलकी चाल आता तितकी जाणवत नाही. पण अडखळला तर कुठे पाहायचे हे ठाऊक असल्याने त्याचा वैताग येत नाही. अबाउट:मेमरीच्या पानावरून सगळा हिशेब फाईलमध्ये जतन करता येतो आणि दोन वेळचे हिशेब एकमेकांतून वजा करून काय वाढले तेवढेच पाहता येते. एक पान तासागणिक फुगत होते, तेव्हा तशी वजाबाकी मी त्या संकेतस्थळाच्या तंत्रज्ञांकडे पाठवली. ज्या एका कामाचे संकेतस्थळ गेकोवर नीट चालत नाही, त्यासाठी जुना ब्राउझर अजून संगणकावर ठेवला आहे, कोऱ्या प्रोफाइलसह. आणि ते चालत नसल्याची तक्रार, कोणत्या पायरीला काय होते हे लिहून, त्यांच्याकडे नोंदवलेली आहे.